आम्ही म्हणजे कोण कोण?

एसटीत शेजारी बसलेला माणूस पहिले तीन प्रश्न कोणते विचारतो, सांगा बरं. गाव कोणतं, काय करता आणि लग्न झालं का. पुण्याच्या वाकडेवाडी स्टँडवरून अंबाजोगाईची गाडी सुटली की अहिल्यानगर यायच्या आत हे तिन्ही उरकतात. पहिल्याचं उत्तर मी जोरात देतो, केज तालुका, बीड जिल्हा. दुसऱ्याचंही देतो, सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे. तिसऱ्याला गेली सहा वर्षं 'घरचे बघायलेत' एवढंच म्हणतो. मग शेजारचे काका खूश होतात आणि मेव्हण्याच्या पोरीची माहिती सुरू होते. कडा, आष्टी, जामखेड... पाटोदा येईपर्यंत तिचे बारावीचे मार्कसुद्धा मला पाठ झालेले असतात.

खरं उत्तर असं, की मी गे आहे. 'समलिंगी' हा शब्द मला आवडत नाही असं नाही, पण तो विज्ञानाच्या पुस्तकातला वाटतो. आणि गावात आमच्यासाठी जे शब्द आहेत, ते तुम्हाला माहीतच आहेत. कट्ट्यावर तुम्हीही ते कधीतरी वापरले असतील. मीसुद्धा वापरलेत. सगळ्यात मोठ्यानं हसणारा मीच असायचो, म्हणजे कुणाला शंका नको.

लपवणं हे मोठं मेहनतीचं काम आहे आणि मराठीत तर जास्तच. ऑफिसात इंग्रजीत 'माय पार्टनर' म्हटलं की भागतं. पार्टनर बाई की बाप्या, काही कळत नाही. मराठीत क्रियापदच सगळं फोडतं. 'काल तो म्हणाला' की 'ती म्हणाली'? वाक्य अर्ध्यात आल्यावर थांबून विचार करावा लागतो. सोमवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी कुणी 'वीकेंडला काय केलंस?' विचारलं की बाकीच्यांना तो गप्पांचा विषय असतो, मला तोंडी परीक्षा. मग मी एक युक्ती शोधली. 'आम्ही'. आम्ही सिंहगडावर गेलो, आम्ही घरीच जेवलो. 'आम्ही' म्हटलं की कोण कोण ते कुणी विचारत नाही.

दुसरी सोय म्हणजे 'रूम पार्टनर'. पुण्यात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या प्रत्येक पोराला रूम पार्टनर असतो, त्यामुळे मला असला तर नवल कसलं? आम्ही चार वर्षं एकत्र राहतोय. घरमालकांना रूम पार्टनर, गावाकडे रूम पार्टनर. (कॉलेजात असताना मी वपुंचं 'पार्टनर' समजून लायब्ररीतून एक पुस्तक काढलं होतं. घरी येऊन पाहतो तर ते बिंदुमाधव खिरे यांचं, त्याच नावाचं, पण एका समलिंगी मुलाच्या आयुष्यावरचं. पुस्तक परत करताना ग्रंथपालांच्या डोळ्यांकडे बघायची हिंमत झाली नव्हती.)

'आमच्या बीडात असलं काही नसतं,' असं म्हणणारे मला दर उन्हाळ्यात भेटतात. फोनमधल्या ॲपवर पुण्यात तीनशे मीटरवर कुणीतरी दिसतं. केजमध्ये उघडलं तर चाळीस किलोमीटरवर एक आणि त्याचाही फोटो नाही, नुसतं आभाळ. म्हणजे आहे, पण चेहरा लावायची सोय नाही. माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांनी नोकरीत राहून लिंगबदल शस्त्रक्रियेची परवानगी मागितली, ती मिळवली आणि २०१८ च्या मे महिन्यात मुंबईत शस्त्रक्रिया झाली, ते बीडमधल्या घराघरांत टीव्हीवर दिसलं होतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता, माझा वेगळा. आपण कोण आहोत हे एक, आपल्याला कोण आवडतं हे दुसरं, आणि गावात या दोन्हींची एकच मिसळ होते. पण तेव्हा पारावर मी पहिल्यांदा ऐकलं, एक म्हातारबाबा म्हणाले, 'त्याचं त्यालाच माहीत बाबा, आपण कोण बोलणारे?'

त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाचा ३७७ चा निकाल आला. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. मेसमध्ये टीव्ही चालू होता, मी ताटातली मान वर केली नाही. त्या दिवसापासून मी गुन्हेगार नव्हतो, एवढं मात्र खरं. लग्नाचं पुढं काही झालं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टानं ते संसदेवर सोडलं. जोडीदाराबरोबर जॉइंट खातं उघडायला, त्याला नॉमिनी करायला हरकत नाही, असं अर्थ मंत्रालयानं २०२४ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. आम्ही खातं काढलं. फॉर्मवर 'नातं' असा रकाना होता, तिथे 'मित्र' लिहिलं आणि दिवसभर ते मला खुपत राहिलं.

आता लग्नाचं. गावाकडे शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळेनात, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशात पुण्यात नोकरी असलेला पोरगा 'नको' म्हणतो, म्हणजे माज आला, असं आमच्या आत्याचं मत. 'करून टाक, सगळं नीट होतंय', हा सल्ला मला आमच्यातल्यांनीच दिलाय, लग्न केलेल्यांनी. पण मी त्या मुलीचा विचार करतो. ती स्थळ बघून, नोकरी बघून, आईबापाचं ऐकून येणार आणि आयुष्यभर स्वतःत काय कमी आहे ते शोधत बसणार. ते माझ्याच्यानं होणार नाही. आणि कुणी 'औषधानं बरं होतं' म्हणाला तर उठून या. अशा 'उपचारां'ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलंय. फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'साबर बोंडं' थिएटरात लागला. सनडान्स महोत्सवात परदेशी चित्रपटांतलं परीक्षकांचं मोठं बक्षीस मिळवलेला रोहन कानवडे यांचा मराठी सिनेमा. बाप गेल्यावर दहा दिवस गावी आलेला मुलगा, लग्नाचं टुमणं लावणारे नातेवाईक आणि शेतातला लहानपणचा मित्र. मी धाकट्या बहिणीला घेऊन गेलो. ती सदाशिव पेठेत अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करते. सिनेमा संपेपर्यंत माझ्या पोटात गोळा. बाहेर येऊन चहा घेतला आणि म्हणालो, 'तुला एक सांगायचंय.'

'कळालंय मला दादा. लई दिवस झाले,' ती म्हणाली. 'तू घरी फोन करतोस तवा मी म्हणतच नाहीस. आम्ही जेवलो, आम्ही भाजी आणली, आम्हाला ताप आला होता. रूम पार्टनरबद्दल असं कोण बोलतंय?'

सहा वर्षांची माझी युक्ती, आणि तिनंच मला पकडून दिलं. आम्ही दोघंही एवढं हसलो की चहावाला बघायला लागला. मग ती थोडी रडली. मला राग आला नाही का, विचारलं, तर म्हणाली, 'आला ना. आधी का नाही सांगितलंस म्हणून.'

आईला अजून सांगितलेलं नाही. पण दसऱ्यानंतर तिचा फोन आला. गाव रिकामं होत चाललंय, ऊसतोडीला अर्धी आळी गेली, असं सांगता सांगता मध्येच विचारलं, 'तुझा तो पार्टनर दिवाळीला कुठं ऱ्हातो रे?'

'इथंच. त्याचं घरी पटत नाही.'

थोडा वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज. मग म्हणाली, 'मग एकट्याला कशाला ठेवतोस? घेऊन ये त्याला. तिखट खातो का, तेवढं विचारून सांग.'

तिला काय कळलंय, मला माहीत नाही. मी दोन तिकिटं काढलीत, खिडकीकडची सीट त्याला. शेजारचे काका मागच्या सीटवरून लग्नाचं विचारतीलच. त्यांना काय सांगायचं, ते अजून आमचं ठरलेलं नाही.