जमा मोजून, खर्च अंदाजे

भारतातल्या नद्यांतून वर्षाला सरासरी किती पाणी वाहतं? विसाव्या शतकाच्या आरंभी पहिल्या सिंचन आयोगाने उत्तर दिलं 1443 अब्ज घनमीटर. 1949 मध्ये ए. एन. खोसला यांनी पाऊस आणि तापमान यांची सांगड घालणारं सूत्र मांडलं आणि आकडा 1673 वर गेला. केंद्रीय जल आयोगाने 1993 मध्ये 1869 सांगितला, 2019 मध्ये 1999 आणि 2024 मध्ये जवळपास 2116. सव्वाशे वर्षांत देशाचं पाणी दीडपटीच्या घरात गेलं, असं भाषणात कुणी ठोकून दिलं तर टाळ्याही पडतील. प्रत्यक्षात बदलली ती मोजायची रीत. नोंदींचा कालखंड बदलला, उपग्रहाची चित्रं हाताशी आली, बाष्पीभवनाचा हिशेब सुधारला, शेजारच्या देशांतून येणारं पाणी किती धरायचं याचे निकष बदलले. यातलं भूपृष्ठावरचं वापरता येण्याजोगं पाणी मात्र 690 अब्ज घनमीटर, हा आकडा एका अहवालातून दुसऱ्यात जसाच्या तसा उतरत आला आहे.

नदी मोजतात कशी, हे एकदा काठावर उभं राहून पाहावं. पात्राचे आडवे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्याची खोली घ्यायची, वाटीसारखी पाती असलेलं वेगमापक पाण्यात सोडायचं आणि ठरलेल्या वेळात त्याचे फेरे किती झाले ते मोजायचं. क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे विसर्ग. हे रोज करणं परवडत नाही, म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांना विसर्ग किती याचा आलेख एकदा तयार करतात आणि पुढे नुसती काठावरची फूटपट्टी वाचून आलेखावरून विसर्ग काढतात. खोट इथेच आहे. महापुरात होडी घालता येत नाही, त्यामुळे आलेखाचं वरचं टोक बऱ्याचदा अंदाजाने लांबवलेलं असतं. पूर ओसरला की पात्राचा तळ बदललेला असतो, म्हणजे जुना आलेखही गेला. वर्षातलं सर्वांत जास्त पाणी ज्या दिवशी वाहतं, त्या दिवसाचाच आकडा सर्वांत कच्चा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी शाळकरी पोरालाही पाठ असते, पण ती झाली पातळी. त्या वेळी किती पाणी पुढे गेलं, हा वेगळा प्रश्न.

तरीही या कच्च्यापक्क्या नोंदींवर राज्यांची भांडणं तुटतात. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी बचावत लवादाने विजयवाड्याच्या 1894-95 ते 1971-72 या 78 वर्षांच्या प्रवाहाची मालिका पुढे ठेवली. शंभरातल्या 75 वर्षी हमखास मिळेल असं पाणी धरलं 2060 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातले महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्राला 800. इंग्रजी अमदानीत बंधाऱ्यावर पातळी टिपणाऱ्या कारकुनाने कधी कल्पनाही केली नसेल की आपल्या वहीवरून उद्या तीन राज्यांचे वकील हमरीतुमरीवर येतील. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने 1961-62 पासूनची 47 वर्षांची मालिका घेतली, हमी 65 टक्क्यांवर आणली आणि त्याच नदीत 2293 टीएमसी पाणी निघालं.

जमिनीवरच्या पाण्याला निदान डोळ्यांनी पाहता येतं. खालच्या पाण्याची पद्धतशीर दखल देशाने उशिरा घेतली. केंद्रात जल आयोगाची पूर्वज संस्था 1945 मध्ये उभी राहिली, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या मागे होते. केंद्रीय भूजल मंडळ आलं 1970 मध्ये, तेही नलिका विहिरी खोदणाऱ्या एका जुन्या संघटनेचं नाव बदलून. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमारासची. तोवर पाणाड्याच्या हातातली काडी किंवा नारळ हेच गावोगावचं सर्वेक्षण होतं, आणि खरं सांगायचं तर बोअरची गाडी बोलावण्याआधी ते अजूनही होतंच.

आज राज्याच्या भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी चार हजारांच्या आसपास आहेत. वर्षातून चारदा पातळी घेतात. त्यातली मे अखेरची आणि पावसाळा सरल्यानंतरची, या दोन नोंदींवर सगळा हिशेब उभा. काम साधं दिसतं. कठड्यावर रंगाने खूण केलेली असते, तिथून वजन बांधलेली टेप सोडायची, पाण्याला टेकली की वाचायची, कठड्याची उंची वजा करायची. पण रात्री लाइट आली म्हणून शेतकऱ्याने पहाटेपर्यंत मोटार चालवली असेल तर सकाळी मिळते ती उपशाची पातळी, भूजलाची नव्हे. शेजारी तीनशे फुटांचं बोअर पडलं की पन्नास फुटांची निरीक्षण विहीर कोरडीठाक होते आणि खोल थरांबद्दल काही सांगेनाशी होते. स्वयंचलित नोंद करणारी यंत्रं आता बसू लागली आहेत. त्यांना मोटारीची वेळ कळते, खडकाचं पोट कळत नाही.

खडक हा या हिशेबातला खरा मालक. महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भाग बेसॉल्टचा. विहीर खोदणारा सांगतो तसा वर मुरूम, मग मांजर्‍या, मग काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात, मांजर्‍यात आणि पाषाणाच्या भेगांत. देशभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टची पाणी सोडण्याची क्षमता 2 टक्के धरतात, वाळूमिश्रित गाळाची 16. एक चौरस किलोमीटर रानात पावसाळ्याने विहिरींची पातळी चार मीटर वर आली, तर बेसॉल्टमध्ये साठलं 80 हजार घनमीटर पाणी. वाळूमिश्रित गाळात तेवढ्याच चढीला आठपट. आता हे 2 टक्के त्या शिवारात प्रत्यक्ष 3 असतील तर? हिशेब 1 लाख 20 हजारांवर जातो. नुसत्या एका टक्क्याने दहा हजार लिटरचे चार हजार टँकर वाढले! टेप सेंटिमीटरपर्यंत वाचायची आणि गुणाकार मात्र तक्त्यातल्या आकड्याने करायचा, असा हा प्रकार आहे.

ही झाली जमा. खर्चाची बाजू याहून भुसभुशीत. 2024 च्या अहवालाप्रमाणे देशात उपसण्याजोगं भूजल वर्षाला 406.19 अब्ज घनमीटर, उपसा 245.64, म्हणजे 60.47 टक्के, 6,746 मूल्यांकन घटकांपैकी 751 ठिकाणी उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेलेला. उपशातला सुमारे 87 टक्के शेतीचा. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंतचे हे आकडे वाचले की वाटतं, प्रत्येक मोटारीला मीटर आहे. प्रत्यक्षात मुख्यतः विहिरींची संख्या गुणिले एका विहिरीचा सरासरी उपसा, अशा हिशेबातून किंवा पिकाखालच्या क्षेत्रावरून हा आकडा येतो. संख्या मिळते लघुसिंचन गणनेतून. सहाव्या गणनेत देशात 2 कोटी 31 लाख सिंचन साधनं निघाली, त्यांतली जवळपास 95 टक्के भूजलावरची, आणि खोदविहिरींत महाराष्ट्र पहिला. गावात ही माहिती भरणारा माणूस बहुधा तोच होता, जो सातबाऱ्यावर पीक आणि जलसिंचनाचं साधन लिहीत असे. उताऱ्यावरची विहीर बुजलेली असू शकते आणि बांधावरची तीन बोअरं उताऱ्यावर नसू शकतात, हे सांगायला भूगर्भतज्ज्ञ लागत नाही. त्याच गणनेबरोबर जलाशयांचीही पहिली शिरगणती झाली: तळी, तलाव, बंधारे मिळून 24,24,540, त्यातल्या 38,496 ठिकाणी अतिक्रमण. मला तर हा दुसरा आकडा फारच सभ्य वाटतो.

पण मला सर्वांत खटकतात त्या जमा-खर्चापेक्षा दोन वेगळ्या वह्या, एक जमिनीवरच्या पाण्याची आणि एक खालच्या. पाझर तलावातलं पाणी सप्टेंबरात साठा असतं, डिसेंबरात खालच्या अंगाच्या विहिरीत असतं, फेब्रुवारीत ओढ्याला झिरपलेलं असतं. राज्यात तलाव मृद व जलसंधारणाकडे, विहिरीची पातळी पाणीपुरवठा खात्याखालच्या भूजल यंत्रणेकडे, नदी जलसंपदाकडे. बचावत लवादाने तर स्वच्छ लिहूनच टाकलं, की भूजलाचा वापर हा कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून धरला जाणार नाही. वाटप नदीचं, उपसा नदीला पोसणाऱ्या झऱ्यांचा, आणि दोन्ही कायदेशीर. मिहिर शहा समितीने 2016 मध्ये केंद्रीय जल आयोग आणि भूजल मंडळ एकत्र करून राष्ट्रीय जल आयोग करावा असं सुचवलं. दोन्ही संस्था अजून आपापल्या जागी आहेत.

भूजलाच्या वहीत नदीसाठी एक रकाना आहे, हेही सांगितलं पाहिजे. वार्षिक पुनर्भरणातून पावसाळ्याबाहेरचा नैसर्गिक निचरा म्हणून सरसकट 5 किंवा 10 टक्के वजा करतात. 2024 च्या हिशेबात 446.90 अब्ज घनमीटर पुनर्भरणातून उपसण्याजोगे 406.19 गेले की उरतात सुमारे 41 अब्ज घनमीटर, म्हणजे साधारण 1,440 टीएमसी. आठ महिने देशातल्या सगळ्या नद्या, ओढे आणि झरे वाहते ठेवायला आपण कागदावर जमिनीतून एवढं पाणी सोडतो. बचावत लवादाने एकट्या कृष्णेत धरलेल्या पाण्याहून ते सुमारे 620 टीएमसीने कमी आहे.