सहा मिनिटांची चाल

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे नांदेड-परभणीकडच्या माणसाला मोठ्या दवाखान्यासाठी हैदराबादच जवळचे वाटे. आजही पुष्कळांना तसेच वाटते. हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार घेऊन गेलेल्या रोग्याला तेथील डॉक्टर कधी कधी यंत्राखाली न निजविता चक्क व्हरांड्यात चालावयास सांगतात, तेव्हा बरोबरची मंडळी बुचकळ्यात पडतात. चालणे ही काय तपासणी झाली?

परंतु ती तपासणीच होय. सपाट जागेवर ३० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांस खुणा ठेवतात. रोग्याने ६ मिनिटे, न धावता, झपझप येरझारा घालावयाच्या. दम लागल्यास भिंतीला टेकून थांबावे. घड्याळ मात्र थांबत नाही. अखेरीस एकंदर किती मीटर चालणे झाले, ते मुख्यतः पाहावयाचे. पूर्वी ही चाल १२ मिनिटांची असे. ती आजाऱ्यांना जड जाई, म्हणून १९८२ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी ६ मिनिटेही पुरतात असे दाखविले.

वाचकहो, हिचे महत्त्व आपल्या घरांत अधिक आहे. दम लागू लागला की माणूस नकळत आपली चालच कमी करतो. आधी शेताची वाट सुटते, मग बाजार सुटतो, आणि घरचे म्हणतात, "वय झाले." हृदय थकले आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. मोजलेले अंतर मात्र अशी समजूत घालीत नाही.

धडधाकट माणसासाठी १९८७ साली अमेरिकेत निराळी रीत निघाली. १ मैल, म्हणजे सुमारे १,६०० मीटर, शक्य तितक्या भरभर चालावे. लागलेला वेळ व शेवटची नाडी टिपावी. वय, वजन आणि स्त्री की पुरुष हे जमेस धरून, शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याचा अदमास निघतो. बळकट हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते, म्हणून तेवढ्याच श्रमाला त्याला कमी ठोके पुरतात. हैदराबादेत कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यानात रोज फिरणाऱ्यांना हे सहज जमेल; खेड्यात सपाट रस्ता तेवढा निवडावा.

छातीत दुखत असेल, किंवा महिन्याभरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर हा प्रयोग घरी मुळीच करू नये. नाडी मंद करणारी औषधे घेणाऱ्यांना मैलाचा हिशेब फसवतो. नाडी थांबताक्षणीच १५ सेकंद मोजून चौपट करावी. विसावा घेतल्यावर ती झपाट्याने उतरते.