पीएचक्यू-९ : बेरीज नंतर, नववा प्रश्न आधी

"मोबाईलवर टेस्ट दिली, १४ आले. म्हणजे मला डिप्रेशनच ना?" समुपदेशक म्हणून हे मी सारखं ऐकते. मंडळी, ती टेस्ट बहुधा पीएचक्यू-९ असते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी, एवढंच ती सांगते, निदान नाही. थकवा काय, थायरॉइडनेही येतो, जागरणानेही. म्हणून मी विचारते, "कधीपासून?"

नववा प्रश्न मात्र मी बेरजेआधी बघते. मेलेलं बरं, स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का? तिथे १ जरी असला, तर बेरीज ४ असो की २०, त्याच बैठकीत मी त्यावर बोलते. तुमचंही उत्तर तसं असेल तर आत्ताच १४४१६ लावा. टेली-मानस; २४ तास, मराठीतही, मोफत.