मांजर, कार्यालयीन
कचेरी, गुदाम, जहाज इ. कामाच्या ठिकाणी मुख्यतः उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाळलेले मांजर. या प्रथेस रीतसर मान्यता मिळाल्याचे ठळक उदाहरण ब्रिटिश टपाल खात्यात आढळते. लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांचा उपद्रव वाढल्याने १८६८ मध्ये तीन मांजरे ठेवण्यास परवानगी मिळाली. त्यांच्या खाद्यासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले असता वरिष्ठांनी एकच शिलिंग मंजूर केला, तोही सहा महिन्यांच्या परीक्षणापुरता. उरलेले पोट मांजरांनी उंदरांवर भरावे व उंदीर न घटल्यास भत्ता कापावा, असेही ठरले. हा हिशेब चोख असला, तरी बरोबर नव्हता. कारण पोट भरलेले मांजरही शिकार करते. त्याच खात्याच्या मुख्य कचेरीतील टिब्ज (१९५०–६४) हा बोका १४ वर्षे सेवेत होता आणि त्याचे वजन २३ पौंड (सु. १०·४ किग्रॅ.) होते. खात्यातील अखेरचे मांजर ब्लॅकी १९८४ मध्ये मरण पावले.

लहान उंदरांवर मांजर चांगले उपयोगी पडते, मोठ्या तपकिरी उंदरांवर मात्र नाही. न्यूयॉर्कमधील एका कचरा-प्रक्रिया केंद्रातील निरीक्षणात (२०१८ मध्ये प्रसिद्ध) भटक्या मांजरांनी ७९ दिवसांत असे दोनच उंदीर मारले; बाकीचे केवळ दडून राहू लागले. त्यामुळे उंदीर दिसेनासे झाले म्हणजे संपले, असे समजू नये. बिळे बुजविणे व खाद्यपदार्थ झाकून ठेवणे आवश्यकच असते. जेथे मांजर पाळले आहे, तेथे विषारी आमिष वापरू नये; विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरासही विषबाधा होऊ शकते. सुटीच्या दिवशी त्याला अन्नपाणी कोणी द्यावयाचे, हेही आधी ठरवावे लागते.