उपनगर कोणाच्या जवळ?

उपनयन म्हणजे गुरूच्या जवळ नेणें, उपनिषद् म्हणजे जवळ बसणें. मग उपनगर तें कोणाच्या जवळचें, हा प्रश्न आमच्या घरांत २०२५ सालच्या जुलै महिन्यांत उभा राहिला. आमचा पुतण्या मुंबईस फोर्टांत नोकरीस आहे. सूनबाई व दोन मुलें यांसह तो एका खोलींत दिवस काढीत होता. त्यानें कळविलें कीं, आतां उपनगरांत मोठी जागा घेतों, पण आईनेंही आमच्याकडे राहावयास यावें. आमच्या वहिनींचीं पन्नास वर्षें केम येथील घरांत गेलीं. उत्तरेश्वराचें देऊळ आणि कुंकवाचे कारखाने ह्यांमुळें पुष्कळांस ठाऊक असलेल्या ह्या गांवापलीकडे त्यांचें चित्त फारसें गेलेलें नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, जागा तुम्ही पाहून या. तुम्हांस पटली तर मी जाईन." जबाबदारी अशी आमच्या माथीं आली.

मुंबईची गर्दी टाळून दूर राहावें, ही कल्पना नवी नव्हे. बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ सालीं धांवली व पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. १८९६ च्या प्लेगानंतर, १८९८ सालीं, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या योजनांतून दादर-माटुंग्याची वस्ती आंखली गेली. पार्ल्यास तर १९२१ सालींच टिळक विद्यालय निघालें. शाळेच्या आश्रयानें वस्ती कशी स्थिरावते ह्याचें तें उत्तम उदाहरण होय. परंतु तेथील जागांच्या किंमती ऐकून आम्ही पाणीही न पितां परतलों.

डोंबिवली आमच्या मनास भावली. गणेशमंदिर आहे, वाचणारीं माणसें आहेत. २०१७ सालीं मराठी साहित्य संमेलनही तेथें भरलें. एका दलालानें "स्टेशन पांच मिनिटांवर" म्हणून एक घर दाखविलें. आम्ही घड्याळ लावून चाललों तों बावीस मिनिटें झालीं. (तीं पांच मिनिटें कोणाच्या पायांचीं, हें विचारण्याचें राहून गेलें.) दुसरे दिवशीं सकाळीं साडेसातांस पुतण्याबरोबर फलाटावर उभे राहिलों. तीन गाड्या गेल्या. एकींतही पाय ठेवण्यास जागा नव्हती. त्याच वर्षीं ९ जून रोजीं मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून माणसें पडून प्राणांस मुकलीं होतीं. ती बातमी केमला वाचतांना वाटलें नव्हतें तें त्या फलाटावर वाटलें. सूनबाई हळूच म्हणाल्या, "हे घरीं येईपर्यंत मीं रोज असेंच घड्याळाकडे पाहावयाचें काय?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

जागा पाहणारा पुरुष आपल्या प्रवासाची मिनिटें मोजतो. पण दिवसाचे बारा-चौदा तास त्या जागेंत जीं काढणार, त्यांचा हिशेब कोण मांडतो? नळास पाणी किती वाजतां येतें, उद्वाहन बंद पडल्यास म्हातारीनें किती जिने चढावे, मुलांस शाळेस जातांना रूळ ओलांडावे लागतात काय, रात्रीं वैद्य मिळतो काय, हें आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारीत हिंडलों. दलाल कंटाळला, सूनबाईंचा चेहरा मात्र खुलला.

बदलापूर स्वस्त, मोकळें, डोंगर समोर. पण छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून अडुसष्ट किलोमीटर! शिवाय उल्हास नदीचा स्वभाव विसरतां येत नाहीं. २०१९ च्या २७ जुलैस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरांत अडकली आणि सुमारें हजार प्रवाशांस सोडवावें लागलें. म्हणूनच घर पाहावयाचें तर भर पावसांत पाहावें, असें आमचें मत झालें आहे. उन्हाळ्यांत सर्वच घरें कोरडीं असतात.

राहतां राहिलें कल्याण. स्टेशनाबाहेर धूळ, गोंगाट, रिक्षांची झुंबड. सौंदर्याच्या नांवानें शून्य. तथापि मुंबईकडे जाणाऱ्या कांहीं गाड्या तेथूनच सुटतात, त्यामुळें थोडें आधीं निघाल्यास बसावयास मिळतें. सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचें आहे. मास्तरकी केलेल्या माणसास ह्याचा मोह पडल्यास वाचकांनीं क्षमा करावी. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, कुर्डुवाडीस रात्रीं सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्यें बसलें कीं पहाटें कल्याण. वहिनींस मध्यें कोठें गाडी बदलणें नको.

पुतण्याचा हट्ट लगेच विकत घेण्याचा होता. आम्ही अडविलें. डोंबिवलीकडील पासष्ट इमारतींस खोट्या कागदांवर महारेराची नोंदणी मिळाल्याचें उघडकीस येऊन २०२४ सालीं उच्च न्यायालयानें त्या पाडण्याचा हुकूम दिला होता. घर घेणाऱ्यांनीं मात्र कर्जें काढलेलीं! तेव्हां भोगवटा प्रमाणपत्र वकिलाकडून तपासून घ्यावें, आणि तोंपर्यंत भाड्यानें राहावें, असें ठरलें. अकरा महिन्यांचा करार झाला. पहिला मजला, पश्चिमेस.

दसरा होतांच वहिनी केमच्या कुंकवाच्या दोन पुड्या घेऊन गेल्या. पहिल्या आठवड्यांत शेजारचीं दारें सदा लागलेलीं पाहून त्या फार हिरमुसल्या. मग कुंकू देण्याचें निमित्त करून त्यांनीं स्वतःच तीं ठोठावलीं. एका दारामागें सोलापूरची बाई निघाली. परतीची गाडी कोणत्या वारीं असते, असें त्यांनीं आम्हांस दूरध्वनीवर विचारलें. रोज असते, असें आम्ही सांगितलें. "मग दिवाळीनंतर पाहूं," म्हणाल्या.