बंद दिवाणखान्यातील सामाजिक ठेवा

मुठेकाठचे वारजे आज पुण्याचे दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. तेथील शाळकरी मुलाला नक्षीदार अडकित्ता किंवा जुना पितळी दिवा पाहावयाचा असेल, तर शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात तिकीट काढून तो पाहता येतो. ही सोय आपोआप झालेली नाही. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी सुमारे १९२० पासून वस्तू जमविल्या, अकाली गेलेल्या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि २०,००० हून अधिक वस्तूंचा तो ठेवा शासनाच्या स्वाधीन केला.

प्रत्येक संग्राहकाकडून एवढ्या त्यागाची अपेक्षा करणे न्याय्य नव्हे. परंतु धनिकांच्या दिवाणखान्यांतील चित्रे केवळ ओळखीपाळखीच्या माणसांनीच पाहावीत, हेही योग्य नाही. चित्र आणखी दहा जणांनी पाहिल्याने झिजत नाही; खर्च येतो तो पहारा, विमा आणि व्यवस्थेचा. चोरीची व घरातील खासगीपणा भंगण्याची मालकाची भीती मात्र खरी आहे आणि तिची दखल घेतलीच पाहिजे.

आपल्या १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने नोंदणीचे बंधन घातले. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल यांची चित्रे देशाबाहेर विकण्यास मनाई झाली. म्हणजे ही संपत्ती देशाची, हे तत्त्व मान्य आहे. ती पाहण्याचा हक्क तेवढा कोणाला दिलेला नाही. ब्रिटनमध्ये वारसाकरातील सवलतीच्या बदल्यात मालकाला दर्शनाची सोय करावी लागते आणि केवळ पूर्वपरवानगीने दिलेले दर्शन १९९८ पासून पुरेसे मानले जात नाही. भारतात मृत्युकर १९८५ मध्येच रद्द झाल्याने तो मार्ग आपल्याला उपलब्ध नाही.

तेव्हा उपाय मध्यस्थाचा. एखाद्या सार्वजनिक संग्रहालयाने शाळा-महाविद्यालयांची नोंदणी करावी, महिन्यातील दोन दिवस ठरवावेत, पंधरा जणांची तुकडी आपल्या मार्गदर्शकासह न्यावी. मालकाचा पत्ता जाहीर करू नये. त्या दिवसांचा विमा व पहारा यांचा भार शासनाने किंवा महानगरपालिकेने उचलावा. खर्च अल्प, लाभ मोठा. मालकी खासगीच राहील. मात्र वारज्याच्या मुलाला दर्शनासाठी कोणाची चिठ्ठी आणावी लागणार नाही. मेहेरबानी आणि व्यवस्था यांतील फरक तो हाच.