लाळ: दातांची घरचीच राखणदार

आज भाकरीचा एक तुकडा कालवणाशिवाय तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागेल. लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं. विकर म्हणजे शरीरातलं काम झटपट उरकून देणारा पदार्थ. पिठाची साखर करायला अमायलेज तोंडातच सुरुवात करतं. म्हणून दाताच्या फटीत अडकलेलं बिस्किट किंवा पाव हेसुद्धा दाताला गोडच, हे आपल्या लक्षात येत नाही.

दातावरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. शंभरातले सुमारे 96 भाग खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. हाडापेक्षाही कठीण. पण मोडलेलं हाड जुळतं, इनॅमलला पडलेला खड्डा मात्र आपोआप बुजत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंतच असतात.

गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि इनॅमलमधलं खनिज झिरपून बाहेर पडू लागतं. इथे लाळ कामाला येते. ती आम्ल धुते, त्याचा जोर मोडते आणि स्वतःतलं कॅल्शियम-फॉस्फेट दाताला परत देते. लाळेतलं लायसोझाइम हे दुसरं विकर काही जंतूंना मारतं. या दुरुस्तीला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा गोड चहा आला, की काम अर्धवट राहतं. गटाची बैठक म्हटली की चहा-बिस्किट आलंच, आमच्याकडेही! प्या, पण मागून पाण्याने चूळ भरा. दिवसभर घोट घोट पिण्यापेक्षा एकदाच प्यायलेला बरा.

झोपेत लाळ फारच कमी सुटते. म्हणून रात्री दात घासून झोपायचं आणि बाळाच्या तोंडात साखरेच्या दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवायचं नाही. उन्हात पाणी न पिता खुरपणी केली, मधुमेह असला किंवा काही गोळ्या चालू असल्या, तरी तोंड कोरडं पडतं. तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगा, मनाने गोळ्या बंद करू नका.

आता मिश्री. बोलायला अवघड, कारण सासूपासून सुनेपर्यंत चालत आलेली सवय आहे. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात दुखायचा थांबल्यासारखा वाटतो, कीड आत चालूच राहते. हिरड्या खराब होतात, तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो आणि पोटातल्या बाळालाही धोका असतो. राख किंवा विटेची पूड इनॅमल खरवडते. त्यापेक्षा मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी टूथपेस्ट घ्या. फ्लोराइडमुळे लाळेतलं खनिज दातात चांगलं बसतं. चिंच-कैरी खाल्ल्यावर मात्र लगेच घासू नका, अर्धा तास जाऊ द्या.

मुलांचे दात उजेडात बघा. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर कीड नुकती लागते आहे. अजून खड्डा नाही, तोवर दात सावरू शकतो. तेव्हाच दातांच्या डॉक्टरांना दाखवा.